सुतकातलं वाचन

आई गेली त्याला आता पावसाळा उलटला. शाळेतून आल्यावर, दिवस मावळायच्या आत, रोज थोडं थोडं लिहिते आहे. घाई कसलीच नाही. आईबद्दल लिहायला बसले की पुस्तकांबद्दल लिहून होतं, आणि पुस्तकांबद्दल लिहू लागले की आई येऊन बसते. तिला स्वतःला अक्षर ओळखता येत नव्हतं. तरी या दोन गोष्टी मला वेगळ्या करता येत नाहीत, म्हणून एकत्रच लिहिते.

पोलादपूरच्या आमच्या घरात, ओटीवरून आत आलं की समोरच माझ्या पुस्तकांची फळी आहे. नवीन माणूस आलं की त्याची नजर तिथं जाते आणि जरा अडखळते. अभंगांच्या पुस्तकाला लागून गुरांच्या रोगांवरचं पुस्तक. त्याच्या शेजारी बर्फाच्या समुद्रात अडकलेल्या एका जहाजाची हकिगत, मग आकाशातल्या ताऱ्यांची माहिती, मग एका खुनाची गोष्ट, जिची शेवटची पानंच नाहीत. लोणची-मुरंब्यांचं एक. जमीन मोजणीचं एक. शाळा तपासायला आलेले एक साहेब चहा पिता पिता म्हणाले होते, "बाई, यातली तुमची कुठली आणि घरातल्या इतरांची कुठली?" मी म्हटलं, सगळी माझीच. "मग तुमचा विषय कोणता?" विषय कोणताच नाही. ही मला आवडतात, एवढंच त्यांच्यात सारखं आहे. आज हे मी सरळ सांगते. पूर्वी सांगत नव्हते.

आमची वाडी कुडपणच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. तिथं तेव्हा चौथीच्या पुढं शाळा नव्हती, म्हणून बाबांनी मला महाडला मामाकडे ठेवलं. मुलीला शिकायला बाहेर ठेवणारं आमच्या वाडीतलं ते पहिलं घर. मामाचं बाजारपेठेत किराण्याचं छोटं दुकान होतं. पुड्या बांधायला तो रद्दी घ्यायचा. कुणी मुंबईला बिऱ्हाड हलवलं, कुणा वकिलाचं घर विकलं गेलं, कुणी गुरांचा डॉक्टर बदलून गेला, की त्यांच्याकडची पुस्तकं वर्तमानपत्रांबरोबर तागडीत पडायची. शाळा सुटल्यावर गल्ल्यामागं बसून पानं फाडायची, त्यांचे चौकोन करायचे, हे माझं काम. पहिल्यांदा एक अख्खं पुस्तक हातात आलं तेव्हा फाडायचं सोडून मी ते वाचत बसले. मामानं पाहिलं, रागावला नाही.

"आवडलं?"

"हो."

"काय आहे त्यात?"

"म्हशीचं पोट फुगलं तर काय करायचं."

मामा एवढा हसला की समोरचं गिऱ्हाईकही हसायला लागलं. मग म्हणाला, "ठेव तुला. पण हळदीला पानं कमी पडली तर तुझं पुस्तक पहिलं फाडणार."

खुनाच्या गोष्टीची शेवटची पानं त्यानं खरंच फाडली. बाकीची पुस्तकं बचावली. निवड अशी मी कधी केलीच नाही. जे तागडीतून सुटलं ते माझं झालं, आणि पुन्हापुन्हा वाचल्यानं आवडीचं झालं. एखाद्याला सख्खी-चुलत भावंडं कशी निवडता येत नाहीत, तसं.

पुढं सातवीची परीक्षा पास होऊन मी मास्तरणीच्या ट्रेनिंगला गेले. तिथं पहिल्याच आठवड्यात प्रत्येकीला आवडतं पुस्तक सांगायला लावलं. सगळ्यांनी सांगितलेली पुस्तकं एकाच धाटणीची होती. मी खरं ते सांगितलं. तेव्हापासून वसतिगृहात माझं नाव पडलं 'म्हशींची वैदीण'. मुली वाईट नव्हत्या, कुणाचं पोट दुखलं की "वैदीणबाई, गोडं तेल पाजू का हिला?" एवढंच. पण त्यानंतर कुणी विचारलं की मी गप्प राहू लागले. लग्न ठरलं तेव्हा पुस्तकांची पत्र्याची पेटी मी सासरी नेलीच नाही. पोलादपूरला सासरी शिकलेली माणसं होती, नणंदा हसतील असं वाटलं. पेटी माहेरी चुलीवरच्या माळ्यावर राहिली. धुरात वाळवी लागत नाही, म्हणून बाबांनी ती जागा काढली होती.

बाबांना वाचता येत होतं, आणि ते पोथी वाचायचे. आमच्याकडची रीत इथं सांगायला हवी. माणूस गेलं की दहा दिवस, दिवेलागणीला, त्या घरात पोथी लागते. पण ज्यांना सुतक आहे त्यांनी पोथीला शिवायचं नाही. आणि आमची सगळी वाडी म्हणजे एकच भावकी. एक गेला की सगळ्यांनाच सुतक. म्हणून वाचणारा बाहेरचा लागतो. ओढ्यापलीकडच्या वाडीतले एक म्हातारे गृहस्थ आमच्याकडे येऊन वाचायचे, आणि त्यांच्या वाडीत कुणी गेलं की बाबा तिकडे जायचे. अशी त्या दोघांची वर्षानुवर्षांची अदलाबदल होती. एरवी श्रावणात तर बाबा आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांत पोथीला असत.

सुट्टीत मी घरी गेले की संध्याकाळी ते म्हणायचे, "पोथी मी लोकांना वाचतो. तुझं ते काय हाय ते तू मला वाच." मग मी पेटी उघडायची. कधी तारे, कधी जहाज, कधी मुरंबे. मुरंब्यांना ते फार हसायचे. एवढी साखर आमच्या वाडीनं एका जागी पाहिली नव्हती. मधेच पुस्तक माझ्या हातातून घ्यायचे आणि स्वतः वाचू लागायचे. पण त्यांना वाचायची एकच चाल माहीत होती, पोथीची. "म्हशीचें पोट फुगल्यास… पाव शेर गोडें तेल…" असं लांबवून, शेवटी हेल काढून. आई चुलीपाशी भाकरी थापता थापता हसून लोटपोट व्हायची. "आता प्रसाद वाटा म्हशीला," म्हणायची.

ते गेले श्रावणात. वरकसात, म्हणजे डोंगरउतारावरच्या रानात, नाचणी लावत होते. जरा बसतो म्हणून बांधावर बसले ते उठलेच नाहीत. निरोप घेऊन माणूस पोलादपूरला आला तेव्हा दुपार झाली होती. नवऱ्याबरोबर मी चढून गेले, पण पोचेपर्यंत बाबांना नेऊन सगळे परतले होते. नवरा दुसऱ्या दिवशी उजाडताच खाली उतरला आणि त्याच दुपारी ओढ्याला पाणी आलं. साकव, म्हणजे ओंडके टाकून केलेला आमचा पूल, वाहून गेला. पलीकडचे म्हातारे गृहस्थ तिकडेच अडकले. खाली जायची वाटही त्याच ओढ्यावरून. वाडी एकटी पडली.

पहिल्या संध्याकाळी, साकव अजून होता तेव्हाच, सगळी भावकी ओटीवर आणि पडवीत येऊन बसली होती. पलीकडे निरोप उशिरा गेला होता, म्हणून वाचणारा अजून आला नव्हता. कंदील लावला, लोक नुसते बसले, आणि जरा वेळानं उठून गेले. आई माजघराच्या दारात भिंतीला टेकून बसली होती. बाबा गेल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. काकी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको, तिच्यापुढं पेज ठेवायची. ती ओठाला लावायची आणि खाली ठेवायची. दिवस कसातरी जायचा. पण दिवेलागण झाली की तिची मान आपोआप ओटीकडे वळायची, जिथं बाबा वाचायला बसत तिकडे. मग ती डोळे मिटून घ्यायची. मला बाबांसाठी रडू येत होतं, पण भीती आईची वाटत होती. ही अशीच त्यांच्या मागून जाणार, असं मनात आलं आणि मग ते जाईना.

दुसऱ्या संध्याकाळी तीच शांतता. काकीला ती सोसवली नाही. "तू शिकलेली हायस ना गो, कायतरी वाच."

"पोथीला शिवायचं नाय तिनं," काका म्हणाले.

"पोथी कोण म्हणतंय? तिची पेटी हाय की वर."

"सुतकात गोष्टी वाचतात काय? लोक काय म्हणतील?"

"कंचे लोक? साकव गेला वाहून. लोक काय पोहत येनार हायत तुमाला नावं ठेवायला?"

पडवीत कुणीतरी खाकरलं, हसू दाबल्यासारखं. मी माळ्यावरची पेटी काढली. यातलं शोभेल असं काय, हे मला कळेना. शेवटी म्हशीचं घेतलं. त्यात देव नाही, हसणं नाही, कुणाचं लग्न नाही. सुतकाला कशाचाच अडथळा नाही. खुरांच्या रोगापासून सुरुवात केली. थोड्या वेळानं अंधारातून एकजण म्हणाला, "ह्ये आपल्या तांबूला झालं होतं ना?" दुसरा म्हणाला, "झालं होतं, पण दादानं काय लावलं होतं तिला?" दादा म्हणजे बाबा. मग बाबांनी काय लावलं होतं, कुणाच्या गोठ्यात रात्र काढली होती, कुणाची म्हैस वाचली आणि कुणाची नाही, असं बोलणं निघालं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्याबद्दल लोक मोकळेपणी बोलले. आईचे डोळे उघडे होते. बोलली मात्र नाही. पेजही तशीच राहिली.

तिसऱ्या संध्याकाळी मी जहाज काढलं. बर्फ म्हणजे काय, हे समजावण्यातच बराच वेळ गेला. मुंबईला राहून आलेल्या एकानं सांगितलं, "आइस. गिरगावात गोळा मिळतो, रंगाचा." काकांना ते पटेना.

"अख्खा दर्या गोठतो? मग मासं कुठं जातात?"

"तुमी जावा बघायला," काकी म्हणाली.

जहाज दोन्हीकडून बर्फात दाबलं गेलं, खलाशांनी धान्य मोजून घेतलं, आणि रोज सकाळी कप्तान डोलकाठीवर चढून पाणी दिसतं का पाहू लागला, इथं मी थांबले. वात बारीक झाली होती. लोक उठेनात. "एवढ्यावर सोडू नको गो," कुणीतरी म्हणालं. पण रॉकेल जपून वापरायचं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी न्हाले. लग्न झालेल्या मुलीला बापाचं सुतक तीनच दिवस. वाडीत सगळे दहा दिवस तसेच राहणार होते आणि त्या घरात मी एकटी शुद्ध झाले होते. ओले केस पुसत मागल्या दारी उभी राहिले तेव्हा मला ते जेवढं लागलं तेवढं तोवर काहीच लागलं नव्हतं. बापासाठी रडायचीही मुदत ठरलेली, आणि माझी सगळ्यांत थोडी.

काकांचा चेहरा मात्र उजळला होता. "आज तू मोकळी झालीस. लय बरं झालं. सांजच्याला पोथी तूच लाव." मग आवाज उतरवून म्हणाले, "माझ्या भावानं सगळ्या खोऱ्याला पोथी ऐकवली. त्याच्या घरात म्हशीचं पोट नि बर्फाचं जहाज, बरं दिसतं का तुलाच सांग."

त्यांचं खोटं नव्हतं. ते भावासाठीच बोलत होते. मलाही वाटलं, बाबांना त्यांचं ते मिळायलाच हवं. पेटीतली पुस्तकं शेवटी रद्दीतलीच. वेळ मारून नेण्यापुरती ठीक. मी बरं म्हटलं.

संध्याकाळी लोक रोजच्यापेक्षा लवकर आले. काकांनी पाट मांडला. पोथी कोनाड्यात तांबड्या फडक्यात बांधलेली होती. तिला हात लावता येईल अशी तिथं मी एकटीच. मी ती काढली, पाटावर ठेवली, गाठ सोडली. आत सुटी लांबोळकी पानं, कडेला बाबांच्या बोटांनी तेलकट झालेली. पहिलं पान हातात घेतलं.

"ठेव ती."

आवाज ओळखायला मला क्षणभर लागला. चार दिवस न बोलल्यानं तो घोगरा झाला होता. आई दारात उभी होती, चौकटीला धरून.

"वहिनी, ती न्हालीय. तिचं सुतक फिटलं," काका म्हणाले.

"पोथी परक्यानं वाचायची असती."

"व्हय. म्हनून तर…"

"ही परकी नाय."

काका समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगो वहिनी, लेकीला तीन दिस. आज चौथा."

"तीन दिस तुमचं. माझ्या लेकीचं मी सांगीन तवा फिटंल."

"शास्त्र हाय वहिनी ते. माझ्या मनाचं नाय."

"शास्त्राला मी कायबी म्हनत नाय. शास्त्रानं शास्त्राच्या लेकी बघाव्या."

काका पोथीकडे पाहत राहिले आणि एकदम म्हणाले, "पन आता तिनं हात लावला की! सुतक धरलं तर पोथीला इटाळ झाला."

"होऊ दे," आई म्हणाली. "त्यांच्याच लेकीचा हाय."

मग ती माझ्याकडे वळली. "ती बांधून ठेव. पलीकडचं मानूस येईल तवा येईल, ते वाचतील. घरच्यांनी वाचायचं ते तू वाच."

मी पान परत ठेवलं, फडक्याची गाठ मारली. 'घरच्यांनी वाचायचं ते' म्हणजे काय, हे आईनं सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. मामाच्या तागडीतून सुटलेली ती सगळी पानं, ज्यांचं एकमेकांशी काहीच नातं नव्हतं, ती या घरात बाबांनी ऐकली होती, आईनं भाकरी थापता थापता ऐकली होती. बाहेरच्यांना ती विजोड दिसणारच. मी पेटीतून जहाज काढलं. आई आत गेली नाही. ओटीवर येऊन बसली, बाबांच्या जागेच्या जरा अलीकडे.

"कालपासून वर चढून बघतोय तो कप्तान," ती म्हणाली. "दिसलं का पानी?"

त्या संध्याकाळी पाणी दिसलं नाही. पण कुणी कुरकुरलं नाही. जहाज तिथंच राहिलं, माणसं तग धरून राहिली, आणि मी पुस्तक मिटलं. काकांनी जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "उद्या जरा लवकर चालू कर. कंदील लागायच्या आत."

लोक गेल्यावर काकीनं आईपुढं पेज ठेवली. आईनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "मीठ नाय यात."

काकीनं कपाळाला हात लावला. "चार दिस मीठ होतं, तर तोंड उघडलं नायस. आज मी इसरले, तर बरोबर बोललीस!" आणि ती रडायलाच लागली. आईनं मीठ मागून घेतलं, ढवळलं, आणि वाटी रिकामी करून खाली ठेवली. मग काकीच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

ओढ्याचं पाणी ओसरल्यावर पलीकडचे म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. त्यांच्यासाठी काकांनी पाट मांडला, तर ते म्हणाले, काय चाललंय ते आधी संपू दे, अर्धवट मोडू नये. मागं बसून त्यांनी जहाज बर्फातून सुटेपर्यंत ऐकलं. मग हातपाय धुऊन पोथीचं फडकं सोडलं. त्यांच्या तोंडून ती दहाव्या दिवसापर्यंत चालली. रोज आधी माझं, मग त्यांचं. दहाव्या दिवशी सगळी भावकी ओढ्यावर न्हायला गेली. आई मला म्हणाली, "चल." मी सगळ्यांबरोबर पुन्हा न्हाले.

दिवस आटोपल्यावर नवरा न्यायला आला आणि मी पेटी घेऊन पोलादपूरला परतले. सासूबाई भेटायला आलेल्या बायकांत बसल्या होत्या. मायेनं त्यांनी विचारलं, वडिलांच्या दिवसांत काय वाचलं, कुणी वाचलं. पूर्वीची मी असते तर 'पोथी' म्हणून मोकळी झाले असते. मी सांगितलं, आधी म्हशींचं, मग जहाजाचं, मग ताऱ्यांचं आणि मुरंब्यांचं, आणि मग पोथी. थोरल्या नणंदेनं पदर तोंडाला लावला.

सासूबाई हसल्या नाहीत. विचारात पडून म्हणाल्या, "पण पोथी तूच नाही का वाचायचीस? तुझं सुतक तर तीन दिवसांतच फिटलं असेल."

"नाही," मी म्हटलं. "मला दहा दिवस होतं."